चेहऱ्याचे सौंदर्योपचार आणि फार्मसीची पदवी : कायदा कोठवर, संधी कोठे

परळच्या भोईवाड्यापासून केईएम, टाटा मेमोरियल आणि वाडिया ही रुग्णालये चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे या भागातील मुलांना औषधाच्या दुकानाचा व्यवसाय लहानपणापासून परिचयाचा असतो आणि बारावीनंतर फार्मसीचा विचार अनेक घरांत आपसूक पुढे येतो. त्या विचारात आता एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. परदेशात काही ठिकाणी फार्मासिस्ट शस्त्रक्रियेविना होणारे चेहऱ्याचे सौंदर्योपचार करतात. मग येथील पदवीधरालाही आपल्या मेडिकलमध्ये तशी सोय करता येईल काय? आजच्या भारतीय कायद्यानुसार याचे उत्तर नकारार्थी आहे. मात्र चेहऱ्याच्या त्वचेशी निगडित असे बरेच काम कायद्याने फार्मासिस्टच्याच हाती सोपवलेले आहे, आणि करिअर आखताना विद्यार्थ्यांनी व पालकांनी हिशेब धरायचा तो त्या कामाचा.

उपचारांचे स्वरूप

या उपचारांत प्रामुख्याने तीन प्रकार मोडतात. पहिला बोटुलिनम टॉक्सिनचा, जो ‘बोटॉक्स’ या एका कंपनीच्या नावाने सर्वतोमुखी झाला आहे. जिवाणूपासून मिळणारे हे प्रथिन अत्यल्प मात्रेत स्नायूत टोचले असता, मज्जातंतूकडून स्नायूला आकुंचनाचा संदेश पोहोचवणारे अॅसिटिलकोलीन हे रसायन स्रवत नाही, स्नायू सैलावतो आणि भुवयांमधल्या आठ्या पुसट होतात. हा परिणाम साधारणपणे तीन ते चार महिने टिकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने आठ्यांसाठी त्याला 2002 मध्ये मान्यता दिली. दुसरा प्रकार फिलरचा. यात बहुधा हायलुरोनिक आम्लाचे जेल त्वचेखाली भरून खोलगट भाग उचलून घेतात. तिसरा केमिकल पीलचा, म्हणजे ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लासारखे द्रव्य ठरावीक वेळ लावून त्वचेचा वरचा थर काढण्याचा.

चाकू लागत नसला तरी जोखीम टळत नाही. फिलरचे जेल रक्तवाहिनीत जाऊन प्रवाह अडला, तर तेवढ्या भागातील त्वचा मृत होऊ शकते आणि क्वचित प्रसंगी दृष्टीही जाते; अशा वेळी जेल विरघळवणारे हायलुरोनिडेज हे विकर तातडीने टोचावे लागते. पीलचे प्रमाण चुकले, तर सावळ्या त्वचेवर मूळच्या डागांपेक्षा गडद डाग उमटतात. म्हणून अशा कामाचा अधिकार देताना हातातील कौशल्याबरोबर गुंतागुंत ओळखून ती निस्तरण्याची पात्रताही पाहिली जाते.

कायद्याची चौकट

फार्मसी अधिनियम, 1948 नुसार डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध तयार करून देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. रोगनिदान करून इंजेक्शन टोचण्याचा अधिकार त्यात येत नाही. आधुनिक वैद्यकाचा व्यवसाय राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, 2019 ने नोंदणीकृत डॉक्टरांसाठी राखून ठेवला आहे. याच आयोगाने 2022 मध्ये सौंदर्योपचार व केशरोपण यांविषयी सूचना काढताना, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून झालेले शिक्षण डॉक्टरांच्या बाबतीतही पुरेसे मानले जाणार नाही, असे स्पष्ट केले. जेथे डॉक्टरलाच इतकी अट आहे, तेथे दोन-तीन दिवसांच्या प्रमाणपत्राने फार्मसीच्या पदवीधराला तो अधिकार मिळतो, असे समजण्यास कोणताही आधार उरत नाही.

ब्रिटनचा दाखला या संदर्भात वारंवार दिला जातो. परंतु तो पूर्ण वाचायला हवा. तेथे अतिरिक्त प्रशिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टला 2006 पासून स्वतंत्रपणे चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार मिळाला आणि बोटुलिनम टॉक्सिन चिठ्ठीवरच मिळणारे औषध असल्यामुळे काही फार्मासिस्ट त्या अधिकाराच्या बळावर सौंदर्योपचारांकडे वळले. सुपरड्रग या दुकानसाखळीने 2018 मध्ये लंडनमध्ये अशी सेवा सुरू केली तेव्हा इंजेक्शन देण्याचे काम प्रशिक्षित परिचारिकांकडे होते. पुढे 1 ऑक्टोबर 2021 पासून इंग्लंडमध्ये 18 वर्षांखालील व्यक्तीवर निव्वळ सौंदर्यासाठी टॉक्सिन किंवा फिलर वापरणे हा गुन्हा ठरला. तात्पर्य असे की तेथील मुभा चिठ्ठी लिहिण्याच्या अधिकारातून आली, आणि तो अधिकार भारतात फार्मासिस्टला नाही.

काउंटरवरचे काम

भारतात किरकोळ औषधविक्रीच्या परवान्यासाठी किमान 10 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 108 चौरस फूट जागा लागते. मध्य मुंबईतील भाड्यांचे दर पाहता अनेक दुकाने या मर्यादेच्या फारशी पुढे जात नाहीत, आणि तेवढ्या जागेत कपाटे, फ्रिज व काउंटर मांडल्यावर उपचाराची खुर्ची ठेवण्याचा विचारही व्यवहार्य राहत नाही. याच काउंटरवर मात्र चेहऱ्याचे प्रश्न रोज येतात. गालावर वांग आलेली गृहिणी किंवा मुरुमांनी हैराण झालेला महाविद्यालयीन मुलगा शेजाऱ्याने सुचवलेल्या ट्यूबचे नाव सांगतो, आणि त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा दिसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि मलम थांबवताच चेहरा लालबुंद होऊन आग होते, त्यामुळे माणूस पुन्हा तीच ट्यूब मागतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेची स्वतंत्र नोंद करून त्याविरुद्ध मोहीम चालवली, आणि 2018 मध्ये अनेक स्टेरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घालण्यात आली.

अशी ट्यूब मागणाऱ्याला फार्मासिस्टने ती किती दिवस वापरली, चेहऱ्याच्या कोणत्या भागावर लावली, गर्भधारणा आहे काय, हे विचारायचे असते आणि चिठ्ठी नसेल तर विक्री नाकारून त्वचारोग विभागाकडे पाठवायचे असते. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने हे टाळले जाते, पण ज्याच्या शब्दावर वस्तीचा विश्वास बसतो, त्याचेच दुकान वर्षानुवर्षे चालते. याला दोन कामांची जोड आहे. टॉक्सिनच्या कुप्या साधारणपणे 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात आणि एका कंपनीच्या औषधाची एकके दुसऱ्या कंपनीच्या एककांशी जुळत नाहीत. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञाला पुरवठा करताना फ्रिजच्या तापमानाची नोंद, बॅच क्रमांक आणि अधिकृत वितरकाचे बिल यांत हयगय चालत नाही. दुसरे काम दुष्परिणाम कळवण्याचे. 2010 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाची केंद्रे वैद्यकीय महाविद्यालयांत असून केईएमशी संलग्न सेठ गो. सु. वैद्यकीय महाविद्यालयातही ती सोय आहे.

शिक्षणाच्या वाटा

बारावी विज्ञान शाखेनंतर डी.फार्म. ही दोन वर्षांची पदविका व त्यानंतर 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, बी.फार्म. ही चार वर्षांची पदवी आणि फार्म.डी. हा सहा वर्षांचा रुग्णालयाधारित अभ्यासक्रम, असे तीन मार्ग आहेत. महाराष्ट्रात बी.फार्म.चा प्रवेश प्रामुख्याने एमएचटी-सीईटीतून होतो. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, कलिन्याचे बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी, कफ परेडचे कुंदनानी महाविद्यालय आणि मुलींसाठी एसएनडीटीचे सांताक्रूझ येथील सी. यू. शाह महाविद्यालय ही भोईवाड्यातून रोज ये-जा करता येण्याजोगी ठिकाणे आहेत. त्वचा व सौंदर्य या विषयाची ओढ असलेल्यास बी.फार्म.च्या अखेरच्या सत्रात सौंदर्यप्रसाधनशास्त्र हा ऐच्छिक विषय घेता येतो, आणि पुढे प्रसाधनांची निर्मिती, गुणवत्ता तपासणी, नियमन किंवा औषधदक्षता या क्षेत्रांत नोकरी मिळवता येते.

सुई स्वतःच्या हातात हवी असेल, तर नीटमधून एमबीबीएस आणि त्यानंतर त्वचारोगशास्त्रात तीन वर्षांची एमडी हाच सरळ मार्ग होय. तो इंटर्नशिपसह साडेआठ वर्षांचा आहे, हे घरात आधीच बोलून घेतलेले बरे. ब्रिटनमध्ये स्थायिक होण्याचा विचार असल्यास परदेशी फार्मासिस्टसाठीचा एक वर्षाचा ओएसपीएपी अभ्यासक्रम, त्यानंतरचे वर्षभराचे प्रशिक्षण आणि नोंदणी परीक्षा यांचा खर्च व व्हिसाचे नियम तपासूनच पाऊल टाकावे.

सौंदर्योपचारांच्या खाजगी प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी पालकांनी संस्थेकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: या प्रमाणपत्राला कोणत्या वैधानिक परिषदेची मान्यता आहे, ते मिळवणाऱ्या फार्मसी पदवीधराला नेमके कोणते काम कायद्याने करता येते, आणि रुग्णाला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची. उत्तरे तोंडीच मिळत असतील तर ती रक्कम बी.फार्म.च्या फीसाठी किंवा पुढे दुकानातील चांगल्या फ्रिजसाठी राखून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण नोंदणीकृत फार्मासिस्टचे नाव परवान्यावर असते आणि बेकायदा उपचारामुळे तो परवाना गेला तर शिक्षणाची सारी वर्षे वाया जाण्याची वेळ येते.