नावांचा घोटाळा आणि शास्त्राची शिस्त

लिंबायतेत प्रथमच येणाऱ्या पाहुण्यास 'प्लॉट नंबर 12' एवढाच पत्ता देऊन पाहा. बिचारा दिवसभर भटकेल. कारण 12 नंबर अनेक सोसायट्यांत असतो. सोसायटीचे नाव जोडले की घोटाळा मिटतो. खानदेशातून येथे आलेल्या कुटुंबांस हे नवीन नाही. नुसते 'पिंपळगाव' म्हटले, तर ते निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत की पाचोरा तालुक्यातील पिंपळगाव हरेश्वर? एकाच नावाची दोन गावे शेजारी असली, तर एकास 'बुद्रुक' म्हणजे थोरले व दुसऱ्यास 'खुर्द' म्हणजे धाकटे म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे.

शास्त्रापुढेही हाच प्रश्न होता. स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस याने 1753 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीस दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे घराण्याचा, दुसरा जातीचा. आंबा हा 'मँगिफेरा इंडिका' आणि चिंच ही 'टॅमॅरिंडस इंडिका'. दोघांचाही दुसरा शब्द 'इंडिका' आहे. तथापि घराणी निराळी असल्याने तंटा उद्भवत नाही. नाव आपल्या घरात एकमेव असले म्हणजे पुरे.

परंतु कोणी घर बदलले तर? याचे उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. जुन्नरच्या डोंगरांत आढळणारी शिंदळ माकुडी ही दुर्मिळ वनस्पती डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात प्रथम वर्णिली. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून त्याने तिला 'फ्रेरिया इंडिका' म्हटले. पुढे काही अभ्यासकांनी तिला 'कॅरालुमा' या प्रजातीत घातले. पाहतात तो तेथे 'कॅरालुमा इंडिका' नावाची दुसरी वनस्पती आधीच नांदत होती! एका घरात दोन 'इंडिका' चालेनात. मग पाहुणीस 'कॅरालुमा फ्रेरेई' हे नवे नाव मिळाले. आणि नंतर ती 'बुसेरोशिया' या प्रजातीत गेली, तेव्हाही 'फ्रेरेई' हा शब्द तिच्यासोबत राहिला.

आधी आलेल्याचा हक्क आधी, हा दुसरा नियम. बदकासारखी चोच असलेल्या ऑस्ट्रेलियातील प्राण्यास शॉ याने 1799 मध्ये 'प्लॅटिपस' असे प्रजातिनाम दिले. ते नाव 1793 पासून एका भुंगेऱ्याकडे होते. म्हणून त्या प्राण्याच्या प्रजातीस 'ऑर्निथोरिंकस' हे ब्लूमेनबाखने दिलेले नाव लाभले. मात्र वनस्पती व प्राणी यांच्या नावांचे नियम स्वतंत्र असल्याने 'ओएनांथे' हे एका वनस्पती-प्रजातीचे आणि एका पक्षी-प्रजातीचेही नाव आहे. दोन वाड्यांच्या मध्ये भिंत असावी, तसेच हे.

कोणी म्हणेल, नावात काय एवढे? आम्ही सांगतो. 'ब्राह्मी' या एकाच नावाने दोन निराळ्या वनस्पती ओळखल्या जातात: एक बारीक जाड पानांची 'बाकोपा मोनिएरी', दुसरी गोल पानांची 'सेंटेला एशियाटिका'. औषध घेणाऱ्याच्या हाती नेमके काय पडले, हे व्यवहारातील नाव सांगत नाही. शास्त्रीय नाव सांगते. तसेच शिंदळ माकुडीच्या नोंदी तीन नावांखाली विखुरल्या, तर तीच रोपटी तीनदा मोजली जातील आणि नष्ट होत चाललेली वनस्पती विपुल आहे असा भ्रम होईल. म्हणून जुनी नावे पुसून टाकीत नाहीत. ती समानार्थी म्हणून नव्या नावाशी जोडून ठेवतात.

संगणकावर माहिती ठेवतानाही हीच शिस्त पाळावी. प्रत्येक इयत्तेच्या कप्प्यात 'गुण' नावाची एकेक यादी सुखाने राहते. पण साऱ्या याद्या एका कप्प्यात घातल्या, तर एक यादी दुसरीवर बसून एखाद्या मुलाचे वर्षभराचे श्रम पुसले जावयाचे. सबब यादीच्या नावातच इयत्ता, तुकडी व वर्ष लिहावे, आणि हलविण्यापूर्वी तेथे ते नाव आधीच नाही ना, हे पाहावे.

नाव लहान असले तरी चालेल. त्याचे घर मात्र सांगता आले पाहिजे. वहीच्या वेष्टनावर पूर्ण नाव लिहावयास आम्ही तुम्हांस का सांगतो, हे आता ध्यानी आले असेलच!