नातवंडाबरोबर आजीचीही तपासणी

दिवाळी सरली की साक्री, चाळीसगाव या तालुक्यांतून अनेक कुटुंबे ऊसतोडीला निघतात. कित्येकांची मुले मागे आजी-आजोबांजवळ राहतात. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे सहा वर्षांपर्यंतच्या बालकांना अंगणवाडीत पूरक आहार मिळतो, त्यांचे वजन होते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात.

ही व्यवस्था चांगलीच आहे. परंतु पथकाने दिलेली चिठ्ठी घेऊन मुलाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणार कोण? आजीच ना! तिचे गुडघे धरलेले असतात. मोतीबिंदू असेल तर औषधाच्या बाटलीवरची खूणही तिला दिसत नाही. रक्तदाब तर कित्येकींनी कधी मोजलेलाच नसतो. वास्तविक तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब व मधुमेह तपासण्याची सोय आरोग्य उपकेंद्रात आहे. म्हणून मुलाची तपासणी होईल त्याच दिवशी त्याला सांभाळणाऱ्याचीही व्हावी, आणि आशाताईंनी दोघांची नावे एकाच यादीत लिहावीत. आजीनेच अंथरूण धरले, तर मुलाची चिठ्ठी कोनाड्यातच पडून राहील.