अपुरे द्विशतक

मुलांनो, क्रिकेट हा खेळ तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. गल्लीत, शाळेच्या पटांगणात किंवा सुगी आटोपल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतात तुम्ही तो खेळलाही असाल. या खेळाचे एक वैशिष्ट्य पाहा. खो-खोचा सामना संपला म्हणजे आपल्या ध्यानात राहतात ते संघाचे गुण. क्रिकेटमध्ये मात्र संघाच्या धावसंख्येजवळच प्रत्येक फलंदाजाची धावसंख्याही फलकावर निराळी झळकत असते. नव्याण्णव आणि शंभर यांत अंतर एकाच धावेचे. संघाच्या हिशेबी ही धाव इतर धावांसारखीच असते. परंतु ती पूर्ण होताच फलंदाज बॅट उंचावतो, प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवितात आणि त्या शतकाची नोंद कायमची होते. साहजिकच प्रत्येक फलंदाजाला शतकाची ओढ असते. ही ओढ वाईट नव्हे. पण शतकाची ओढ एका दिशेला आणि संघाचे हित दुसऱ्या दिशेला असे झाले, तर काय करावे?

असा प्रसंग कसोटी सामन्यात विशेष येतो. तो का येतो, हे समजून घ्यावयास हवे. कसोटी सामना पाच दिवसांचा असतो आणि त्यात प्रत्येक संघाला दोन डाव मिळतात. नुसत्या धावांचा डोंगर रचून हा सामना जिंकता येत नाही. जिंकण्यासाठी प्रतिपक्षाचे दोन्ही डाव संपवावे लागतात, म्हणजे बहुधा वीस गडी बाद करावे लागतात. आणि त्यासाठी वेळ लागतो. पाच दिवसांत ते साधले नाही, तर सामना अनिर्णित राहतो. म्हणून पुरेशा धावा झाल्या, असे वाटताच कर्णधार आपला डाव मध्येच थांबवितो. यालाच ‘डाव घोषित करणे’ असे म्हणतात. डाव घोषित करणे म्हणजे पुढच्या संभाव्य धावा सोडून देऊन त्यांच्या मोबदल्यात वेळ घेणे होय. त्या क्षणी एखादा फलंदाज शतकाच्या उंबरठ्यावर उभा असेल, तर त्याचे शतक तेथेच राहते.

२००४ साली पाकिस्तानातील मुलतान येथे असेच घडले. भारतीय संघ १९५५ च्या आरंभी पाकिस्तानात प्रथम कसोटी सामने खेळला. त्या दौऱ्यातील पाचही सामने अनिर्णित राहिले होते. पुढे जवळजवळ पन्नास वर्षे लोटली, तरी त्या भूमीवर भारताला एकही कसोटी सामना जिंकता आला नव्हता. मार्च २००४ मध्ये मुलतानचा सामना सुरू झाला, तेव्हा हा सारा इतिहास खेळाडूंच्या मनात होता. नेहमीचे कर्णधार सौरव गांगुली दुखापतीमुळे खेळू शकत नव्हते. त्यांच्या जागी नेतृत्वाची धुरा राहुल द्रविड यांच्याकडे आली होती.

भारताने प्रथम फलंदाजी केली. वीरेंद्र सेहवाग आणि मुंबईचे सचिन तेंडुलकर यांनी तिसऱ्या गड्यासाठी ३३६ धावांची भागीदारी रचली. सेहवाग २९५ धावांवर असताना साऱ्यांनी श्वास रोखून धरला. तोवर एकाही भारतीयाने कसोटीत त्रिशतक केले नव्हते. दुसरा एखादा फलंदाज तेथे एकेक धाव जपून घेता. सेहवागांनी सरळ षटकार ठोकला! तीनच महिन्यांपूर्वी मेलबर्न येथे १९५ धावांवर असाच षटकार मारण्याच्या प्रयत्नात ते बाद झाले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या निर्भयतेचे नवल वाटते. ३०९ धावा करून ते परतले.

तेंडुलकर अजून खेळत होते. दुसऱ्या दिवसाचा खेळ संपावयास सुमारे सोळा षटके उरली होती. भारताच्या ६७५ धावा झाल्या होत्या आणि तेंडुलकरांच्या १९४. द्विशतकाला केवळ सहा धावा हव्या होत्या. इतक्यात युवराज सिंग ५९ धावांवर बाद झाले आणि त्याच क्षणी द्रविड यांनी डाव घोषित केला. दिवसभर क्षेत्ररक्षण करून थकलेल्या प्रतिपक्षाला त्या सायंकाळीच फलंदाजीस उतरवावे, हा त्यांचा हेतू होता. तेंडुलकर १९४ धावांवर नाबाद परतले. त्यांना वाईट वाटले आणि ते त्यांनी लपविलेही नाही. आपली निराशा झाली, असे त्यांनी पत्रकारांना स्पष्टपणे सांगितले. देशभर एकच वाद माजला. कोणी म्हणाले, “आणखी दोन षटके थांबले असते, तर काय बिघडले असते?” कोणी म्हणाले, “कर्णधाराने केले तेच योग्य.”

पुढे काय झाले? त्या सायंकाळी पाकिस्तानचा एकही गडी बाद झाला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र सामन्याने वळण घेतले. त्या दिवसाच्या शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानचे यष्टिरक्षक मोईन खान यांचा त्रिफळा उडाला. हा चेंडू टाकणारा गोलंदाज कोण होता, ठाऊक आहे? सचिन तेंडुलकर! आदल्या दिवशी ज्यांचे द्विशतक हुकले होते, तेच आज संघासाठी चेंडू वळवीत होते. पाकिस्तानचा पहिला डाव ४०७ धावांत आटोपला. लागोपाठ दुसऱ्यांदा फलंदाजी करावी लागलेल्या त्या संघाचे सहा गडी अनिल कुंबळे यांनी बाद केले आणि दुसरा डाव २१६ धावांत संपला. पाचव्या दिवशी सकाळी थोड्याच वेळात भारताने एक डाव आणि ५२ धावांनी सामना जिंकला. पाकिस्तानच्या भूमीवरील भारताचा हा पहिला कसोटी विजय होय.

येथे एक शंका तुमच्या मनात येईल. सामना संपला, तेव्हा पाचवा दिवस जवळजवळ सारा शिल्लक होता. मग त्या सहा धावांसाठी थोडे थांबले असते, तरी विजय मिळालाच असता! शंका रास्त आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सायंकाळी हे कोणाला ठाऊक होते? शेवट पाहून आरंभीच्या निर्णयाला दोष देणे सोपे असते. निर्णय घेणाऱ्यापुढे त्या वेळी जे होते, त्यावरूनच त्याची पारख करावी. आणि द्रविड यांच्यापुढे एक ताजा अनुभव होता. त्याच वर्षी जानेवारीत सिडनीच्या सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियापुढे ४४३ धावांचे लक्ष्य ठेवले. पण त्यांचे सहाच गडी बाद झाले, तोच वेळ संपला आणि हातातोंडाशी आलेला विजय निसटला. भारताने डाव घोषित करावयास उशीर केला, अशी टीका तेव्हा झाली. विशेष म्हणजे तो डाव घोषित झाला, तेव्हा एक फलंदाज ९१ धावांवर नाबाद होता. तो फलंदाज म्हणजे स्वतः राहुल द्रविड! जो नियम त्यांनी मुलतानला दुसऱ्यास लावला, त्याचा चटका त्यांनी आधी स्वतः सोसला होता.

इतर देशांतही असे प्रसंग घडले आहेत. १९९८ साली पेशावर येथे ऑस्ट्रेलियाचे कर्णधार मार्क टेलर दुसऱ्या दिवसअखेर ३३४ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांनी १९३० मध्ये लीड्स येथे नेमक्या एवढ्याच धावा केल्या होत्या. आणखी एक धाव काढताच टेलर त्या थोर फलंदाजाच्या पुढे गेले असते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डाव घोषित केला. याच्या उलट, २००४ च्या एप्रिलमध्ये अँटिग्वा येथे वेस्ट इंडीजचे कर्णधार ब्रायन लारा यांनी इंग्लंडविरुद्ध नाबाद ४०० धावांचा विश्वविक्रम केला. त्यासाठी त्यांचा संघ तिसऱ्या दिवसापर्यंत खेळत राहिला आणि सामना अनिर्णित राहिला. लारांनी विक्रमाकरिता विजयाची संधी घालविली, असे काहींनी म्हटले. परंतु त्यांचा संघ आधीचे तिन्ही सामने हरला होता, आणि चौथा पराभव टळणे हेही त्या संघाला मोलाचे होते, ही गोष्टही विसरता कामा नये. पेशावरचा सामनाही अखेर अनिर्णितच राहिला. तेव्हा त्यागाने विजय मिळतोच, असे नाही. तो संघाला विजयाची संधी देतो, एवढेच.

मग वैयक्तिक पराक्रम आणि संघाचे हित यांचे नेहमीच वैर असते काय? मुळीच नाही. १९७९ साली लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताला जिंकण्यासाठी ४३८ धावा हव्या होत्या. सुनील गावसकर यांनी त्या डावात २२१ धावा केल्या आणि अवघ्या नऊ धावा कमी असताना सामना अनिर्णित राहिला. ते द्विशतक म्हणजेच संघाची सेवा होती. कधी कधी तर सारा संघच एकाच्या यशासाठी झटतो. १९९९ मध्ये दिल्लीच्या सामन्यात कुंबळे यांनी पाकिस्तानचे नऊ गडी एकट्याने बाद केले होते. विजय हाती आल्यातच जमा होता. तेव्हा दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी करणारे जवागल श्रीनाथ यांनी दहावा गडी आपल्याला मिळू नये, म्हणून चेंडू मुद्दाम यष्ट्यांपासून दूर टाकले! कुंबळे यांचे दहा बळी पूर्ण झाले, त्याचा आनंद साऱ्या संघाने केला. मुलतानला कालक्षेप विजयाच्या आड येण्याची भीती होती. दिल्लीला ती नव्हती. कोणता प्रसंग कोणता, हे ओळखण्यातच खेळाडूचे आणि कर्णधाराचे शहाणपण असते.

मुलतानच्या घटनेनंतर तेंडुलकर आणि द्रविड यांच्यात दुरावा आला असेल, असे तुम्हांला वाटेल. ते दोघे एकमेकांशी मोकळेपणाने बोलले. तेंडुलकरांनी आपली नाराजी सांगितली, पण तिचा परिणाम खेळावर होऊ दिला नाही. पुढे कित्येक वर्षे ते एकत्र खेळले. कसोटी सामन्यांत या जोडीने भागीदारीत ६,९२० धावा केल्या. त्या ६,९२० धावांपुढे हुकलेल्या सहा धावा किती लहान वाटतात!

तुम्हांलाही असे प्रसंग येतील. स्नेहसंमेलनातील नाटक लांबले, म्हणून तुमचा प्रवेश गाळावा लागेल. वर्गाच्या हस्तलिखितातून तुमची कविता जागेअभावी वगळली जाईल. त्या वेळी वाईट वाटणे स्वाभाविक आहे. ते मोकळेपणाने सांगावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आपल्या कामावर हजर व्हावे. निर्णय घेण्याची पाळी तुमच्यावर आली, तर ज्याचे काही हुकणार आहे, त्याला आधी विश्वासात घ्यावे.

स्वाध्याय

१. कसोटी सामन्यात कर्णधार डाव का घोषित करतो, ते तुमच्या शब्दांत सांगा.
२. सिडनीच्या सामन्याचा मुलतानच्या निर्णयाशी कोणता संबंध आहे?
३. श्रीनाथ यांचे दिल्लीतील वागणे योग्य होते, असे तुम्हांला वाटते काय? कारणे द्या.
४. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : धुरा येणे, श्वास रोखून धरणे, हातातोंडाशी येणे, विश्वासात घेणे.
५. मुलतानला द्रविड यांच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? वर्गात दोन गट पाडून चर्चा करा.