डोळ्यांची खाज व पारपटलास धोका

उष्ण, कोरड्या हवेत धूळ व परागकणांमुळे मुलांचे डोळे लाल होऊन खाजतात. ५ ते १५ वर्षांच्या मुलग्यांत हा विकार विशेष आढळतो. तो तीव्र झाल्यास वरच्या पापणीच्या आत खरखरीत गाठी येतात. त्यांच्या घर्षणाने व दाहाने बुबुळावरील पारदर्शक पटलावर, म्हणजे पारपटलावर, व्रण पडतो. मागे वण राहिल्यास दृष्टी अधू होते. डोळे सतत चोळल्याने पारपटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येण्याचा संभव असतो.

उपाय : डोळे चोळू नयेत, गार पाण्याच्या स्वच्छ घड्या ठेवाव्यात. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घालू नयेत. त्यांनी काचबिंदू होऊ शकतो. उजेड सहन न होणे, वेदना वा अंधुक दिसणे आढळताच ग्रामकार्यकर्त्यांनी रोग्यास नेत्रतज्ज्ञाकडे त्वरित पाठवावे.