आरोग्य प्रशासनाची पदवी : नाव पाहून नव्हे, काम पाहून

रुग्णालय म्हटले की डॉक्टर आणि परिचारिका एवढेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु रुग्णाला औषध वेळेवर मिळावयाचे तर ते आधी मागविलेले, तपासलेले आणि भांडारात नीट ठेवलेले असावे लागते. प्राणवायूची नळी, वीजपुरवठा, रुग्णवाहिका, नोंदवही, जमाखर्च व कर्मचाऱ्यांच्या पाळ्या यांची काळजी कोणीतरी अहोरात्र वाहावी लागते. या कार्यालाच आरोग्य प्रशासन म्हणतात.

हे काम कागदी नव्हे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षास आग लागून १० बालके दगावली. त्याच वर्षी २१ एप्रिल रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती होऊन पुरवठा खंडित झाला आणि किमान २२ रुग्णांना प्राण गमवावे लागले. दोन्ही ठिकाणी प्रश्न वैद्यकीय ज्ञानाचा नव्हता. तो यंत्रसामग्रीचा आणि सुरक्षिततेच्या व्यवस्थेचा होता.

अंबडच्या पदवीधरापुढील प्रश्न

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा अंबड तालुका औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातून या नव्या जिल्ह्यात समाविष्ट झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जालना येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले. अशा रीतीने आरोग्यसेवेचा विस्तार होत असता, मत्स्योदरी देवीच्या या गावातील कला, वाणिज्य वा विज्ञान शाखेचा पदवीधरही या क्षेत्राकडे आशेने पाहतो. दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अनेक कुटुंबांना कर्ज काढावे लागते. म्हणूनच पदवीची निवड विचारपूर्वक व्हावयास हवी.

तीन प्रमुख वाटा

पहिली वाट रुग्णालय प्रशासनाची, म्हणजे एम्.एच्.ए. या पदवीची. बाह्यरुग्ण विभाग, शस्त्रक्रियागृह, भांडार, जैववैद्यकीय कचरा, विमा व देयके, रुग्णांच्या तक्रारी असे रुग्णालयाच्या भिंतींच्या आतील कामकाज हा तिचा विषय. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हा अभ्यासक्रम असून त्यास कोणत्याही शाखेचा पदवीधर पात्र ठरतो.

दुसरी वाट सार्वजनिक आरोग्याची, म्हणजे एम्.पी.एच्. या पदवीची. येथे विचार एका रुग्णाचा नसून संपूर्ण वस्तीचा असतो. रोगप्रसाराचे शास्त्र, संख्याशास्त्र, पोषण, लसीकरण आणि कार्यक्रमांचे मूल्यमापन हे तिचे विषय. सपाट प्रदेशात ३० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा निकष आहे. त्या ३० हजारांत आजारी कोण पडते आणि का, हा या शिक्षणाचा मूळ प्रश्न होय.

तिसरी वाट आरोग्यसेवा व्यवस्थापनातील एम्.बी.ए.ची. वित्त, मनुष्यबळ, विपणन आणि माहिती तंत्रज्ञान यांवर तिचा भर असतो. मोठी खाजगी रुग्णालये, विमा कंपन्या व औषध उद्योग यांत तिचा उपयोग अधिक. पुण्यातील सिंबायोसिस आरोग्य विज्ञान संस्थेत असा अभ्यासक्रम चालतो.

यांखेरीज एम्.बी.बी.एस्. झालेल्यांसाठी एम्.डी. (रुग्णालय प्रशासन) ही स्वतंत्र पदवी आहे. अन्य शाखांच्या पदवीधरांना ती खुली नाही.

जामखेड आणि गडचिरोलीचा धडा

पदवीची निवड कशी करावी, याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे कुशल चिकित्सक होते. तरीही त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली जामखेड येथे कार्यास आरंभ केला. गावातील सामान्य, बहुधा निरक्षर स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार लाभला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही त्याच विद्यापीठातून ही पदवी घेऊन गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे कार्य उभारले. घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याच्या त्यांच्या प्रयोगात नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

या दोन्ही दांपत्यांपुढील प्रश्न गावाच्या आरोग्याचा होता. म्हणून त्यांनी त्या प्रश्नास साजेशी पदवी निवडली. ज्यास एखादे रुग्णालय सुरळीत चालवावयाचे आहे, त्याने मात्र रुग्णालय प्रशासनाकडेच वळावे. आधी काम ठरवावे, मग पदवी.

शासकीय सेवेतील अटी

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, वैद्यकीय अधीक्षक ही पदे वैद्यकीय पदवीधरांसाठी आहेत. केवळ एम्.एच्.ए. झाल्याने ती मिळत नाहीत. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कार्यक्रम व्यवस्थापकांची पदे असतात. परंतु ती बहुतांशी कंत्राटी असून अनेक जाहिरातींत वैद्यकीय पदवी आणि शिवाय एम्.पी.एच्., एम्.एच्.ए. किंवा आरोग्य विषयातील एम्.बी.ए. अशी दुहेरी अट आढळते. बी.ए.एम्.एस्. वा बी.एच्.एम्.एस्. झालेल्यांना ही वाट त्यामुळे सोयीची ठरते. कला वा वाणिज्य पदवीधरास मुख्यत्वे खाजगी व धर्मादाय रुग्णालये, विमा क्षेत्र आणि स्वयंसेवी संस्था यांत संधी आहे. हे शुल्क भरण्यापूर्वीच जाणून घ्यावे.

प्रवेशापूर्वी पारखावयाच्या गोष्टी

विद्यापीठास अनुदान आयोगाची मान्यता आहे काय, हे प्रथम पाहावे. दूरशिक्षण असल्यास त्या अभ्यासक्रमासाठी आयोगाची स्वतंत्र मान्यता लागते. रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षण किती महिन्यांचे आणि कोठे, हे विचारावे. ज्या अभ्यासक्रमात विद्यार्थी वॉर्डात आणि भांडारात उभा राहत नाही, तो अपुरा समजावा. मागील तुकडीतील विद्यार्थी आज कोणत्या पदावर आहेत, हे संस्थेच्या पत्रकावरून न ठरविता त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. वसतिगृहासह एकूण खर्च मांडून, तो आरंभीच्या पगारातून किती वर्षांत फिटेल, याचा हिशेब करावा. राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांची माहिती महाडीबीटी संकेतस्थळावर मिळते.

शिक्षक व पंचायत सदस्यांचे कार्य

पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांना शिक्षकांनी एकदा तरी नजीकच्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयाचे कामकाज दाखवावे. औषधसाठ्याची नोंदवही आणि रुग्णनोंदणीची खिडकी पाहून जे उमगते, ते माहितीपत्रकातून उमगत नाही. रुग्ण कल्याण समितीवर असलेल्या लोकप्रतिनिधींनी समितीचे हिशेब व गरजा समजावून सांगितल्यास, या विषयाचा पहिला पाठ गावातच मिळेल.

अंबडसारख्या तालुक्यास डॉक्टरांची जशी गरज आहे, तशीच डॉक्टरांचे हात रिकामे राहू न देणाऱ्या प्रशासकांचीही आहे. तसे प्रशासक याच भूमीतून घडावयाचे असतील, तर त्यांना पहिले योग्य मार्गदर्शन प्रवेश घेण्यापूर्वी, आपल्याच गावात मिळाले पाहिजे.