नायगाऱ्याला पाणी किती सोडतात?

(इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी)

भूगोलाच्या तासाला गुरुजी अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवरची पाच मोठी सरोवरे नकाशावर दाखवतात, ती आठवा. बर्फ सोडला, तर पृथ्वीच्या पाठीवर जेवढे गोडे पाणी उघडे आहे त्याचा साधारण पाचवा हिस्सा या पाच सरोवरांत आहे. त्यांतले ईरी सरोवर उंचावर आहे आणि ऑन्टारिओ सखल भागात. दोघांच्या पातळीत सुमारे ९९ मीटरचा फरक. ईरीचे पाणी ऑन्टारिओत नेऊन सोडते ती नायगारा नदी. तिची लांबी अवघी ५८ किलोमीटर. आपली माणगंगा तिच्याहून कितीतरी लांब आहे! पण माणगंगेत उन्हाळ्यात वाळू असते, आणि तिथे बारा महिने पाणी.

माझा मामा कॅनडात टोरांटो शहरी राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत आई आणि मी त्याच्याकडे गेलो होतो. तिथून नायगारा सुमारे १३० किलोमीटर. सकाळी बसने निघालो आणि रात्री परत आलो.

धबधबा दिसायच्या आधी त्याचे तुषार दिसतात. लांबून वाटते, कुणीतरी पाचट पेटवलंय. जवळ गेल्यावर बोललेलं ऐकू येत नाही. धबधबे तीन आहेत. सगळ्यांत मोठा घोड्याच्या नालेसारखा वाकलेला आहे. त्याची उंची सुमारे ५७ मीटर. उंचीत कर्नाटकातला जोग त्याच्या चौपटीहून जास्त, म्हणजे २५३ मीटर. म्हणून नायगारा उंचीसाठी नव्हे, पाण्यासाठी बघायचा. आम्ही बोटीतून अगदी नालेच्या पोटात गेलो. कॅनडाच्या बोटीवर सगळ्यांना तांबडी प्लॅस्टिकची इरली देतात, पलीकडे अमेरिकेच्या बोटीवर निळी. इरले असून आई नखशिखांत भिजली आणि हसत सुटली. पाण्याचा रंग हिरवा असतो. विरघळलेले क्षार आणि दगडाची बारीक पूड यांमुळे तो तसा दिसतो.

आता मुख्य गोष्ट. मी मामाला विचारले, "एवढं पाणी रोज येतं तरी कुठून?" तो म्हणाला, "येतं याच्या दुप्पट. तुला दिसतंय ते मोजून सोडलेलं आहे."

मला ते खरेच वाटेना. मग त्याने समजावून सांगितले. नदीतून सेकंदाला सरासरी जवळजवळ ६,००० घनमीटर पाणी येते. धबधब्याच्या वरच्या अंगाला नदीत १८ दरवाज्यांचा बांध आहे. तिथून पाणी वळवून बोगद्यांनी आणि कालव्यांनी खालच्या वीजघरांकडे नेतात. कॅनडाच्या बाजूचा एक बोगदा तर गावाच्या खालून जातो. तो १०.२ किलोमीटर लांब असून २०१३ साली सुरू झाला. सगळेच पाणी विजेला नेले तर धबधबा राहील का? म्हणून १९५० साली दोन्ही देशांनी करार केला. उन्हाळ्याच्या मोसमात सकाळी आठ ते रात्री दहा सेकंदाला निदान २,८३२ घनमीटर पाणी धबधब्यावर सोडायचे. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मे सोडले तरी चालते. म्हणजे माणसे झोपली की धबधबाही निम्मा होतो.

मामीला हे पटत नाही. ती म्हणाली, "देवाच्या धबधब्याला नळासारखी तोटी बसवली!" मला मात्र हा हिशेब आवडला. परत येताना बसमध्ये मी बिस्किटाच्या पुड्याच्या कागदावर गणित केले. २,८३२ घनमीटर म्हणजे २८ लाख ३२ हजार लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला, तर सेकंदाला २८३ टँकर. आपल्या गावाला उन्हाळ्यात दिवसाआड एक टँकर येतो. तिथे एका सेकंदात पडते तेवढे पाणी आपल्याला दीड वर्षाहून जास्त पुरले असते. हे आईला दाखवले तर ती कितीतरी वेळ काही बोलली नाही. घरी हंडे तीच भरून ठेवते.

पाणी कमी सोडण्याचा आणखी एक परिणाम झाला. आपल्याकडे विहीर खणताना वर माती, मग मुरूम आणि खाली कातळ लागतो. तिथे उलटे आहे. वर कठीण खडक आणि त्याखाली मऊ, भुसभुशीत खडक. पाण्याच्या माऱ्याने खालचा थर झिजतो, वरची कपार अधांतरी राहते आणि एक दिवस ढासळते. असा हा धबधबा गेल्या सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे सरकला आहे, म्हणजे वर्षाला जवळजवळ एक मीटर. पाणी वळवल्यापासून हा वेग वर्षाला फूटभरावर आला आहे. शेजारच्या अमेरिकन धबधब्याच्या पायथ्याशी अशा ढासळलेल्या दगडांचा केवढा तरी ढीग दिसतो. त्या खडकाची तपासणी करण्यासाठी १९६९ साली बांध घालून तो धबधबा काही महिने कोरडा ठेवला होता.

आणि एकदा निसर्गानेच तोटी बंद केली. मार्च १८४८ मध्ये ईरी सरोवराच्या तोंडाशी बर्फ अडकून बसला आणि नदी थांबली. आवाज बंद झाला म्हणून माणसे घाबरून जागी झाली. काही जण कोरड्या पात्रात उतरले, तर त्यांना जुन्या लढाईतल्या बंदुका आणि संगिनी सापडल्या. दीडेक दिवसाने बर्फ फुटला आणि पाणी गर्जत आले.

वीजघरांना दिलेले पाणी वाया जात नाही. चाके फिरवून ते खाली पुन्हा नदीतच येते आणि ऑन्टारिओ सरोवरात जाते. टोरांटो शहर याच सरोवराचे पाणी शुद्ध करून पिते. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने नळाखाली पेला भरून माझ्या हातात दिला. मी तो सावकाश प्याले, आणि तोटी नीट बंद झाली का ते बघून घेतले.