पुराने बुडालेलं पार्क पुन्हा उभं राहतं ते कशाच्या जोरावर?



मागच्या व्हिडिओनंतर एका ताईंचा मेसेज आला. कृष्णेच्या काठाजवळ त्यांची घरची दोन एकर जमीन आहे. तिथे मुलांसाठी छोटं वॉटर पार्क काढायचंय. पाणी आहे, रस्ता आहे, जवळपास असं काही नाही. पण सासरे म्हणतात, "2019 ला इथं कमरेएवढं पाणी होतं. 2021 ला परत आलं. पैसे पाण्यात घालू नकोस." ताईंचा प्रश्न सरळ आहे: करू की नको?

मला वाटतं, प्रश्न थोडा बदलून विचारायला हवा. पूर आला तर पुन्हा उभं राहण्याची सोय आजच करता येते का? त्यासाठी आज दोन पार्कांची गोष्ट बघू. दोन्ही अमेरिकेतली, दोन्ही पुरात बुडालेली. एक परत आलं, एक कधीच आलं नाही.

पहिलं पार्क: जे परत आलं नाही

न्यू ऑर्लिन्स शहरात 2000 साली जॅझलँड नावाचं पार्क सुरू झालं. दोनच वर्षांत ते आर्थिक अडचणीत सापडलं. मग सिक्स फ्लॅग्ज या मोठ्या कंपनीने ते लीजवर घेतलं आणि 2003 पासून सिक्स फ्लॅग्ज न्यू ऑर्लिन्स या नावाने चालवलं. 29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना चक्रीवादळ आलं. पार्क सखल भागात होतं. पाणी शिरलं आणि उतरायला कित्येक आठवडे लागले. बहुतेक राइड्स, मोटारी, वायरिंग कामातून गेलं. पुढच्याच वर्षी कंपनीने सांगितलं की पार्क पुन्हा उघडणार नाही. विम्याच्या पैशांवरून वाद कोर्टात गेला. जागा वर्षानुवर्षं ओसाड पडली आणि 2024 मध्ये पाडकाम सुरू झालं.

त्यातल्या काही गोष्टी मात्र वाचल्या. बॅटमॅन नावाचा रोलर कोस्टर उंच चौथऱ्यावर बांधला होता. तो उचलून टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोला नेला आणि 2008 मध्ये गोलायथ या नावाने पुन्हा सुरू झाला. म्हणजे काय, तर जे उंचावर होतं ते टिकलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं पार्क: जे प्रत्येक वेळी परत आलं

पेनसिल्व्हेनिया राज्यात एलिसबर्गजवळ कनोबल्स हे कुटुंबाच्या मालकीचं पार्क आहे. 1926 साली त्याची सुरुवातच एका पोहण्याच्या तलावापासून झाली. ते ओढ्याकाठी आहे, त्यामुळे पूर त्यांना नवा नाही. 1972 चं अॅग्नेस वादळ, जून 2006 चा पूर, सप्टेंबर 2011 चं ली वादळ, तिन्ही वेळा पाणी आत आलं. तिन्ही वेळा पार्क पुन्हा सुरू झालं.

तुम्ही म्हणाल, सर, कॅटरिना फार मोठी आपत्ती होती, तुलना कशी होईल? बरोबर आहे. पाणी किती आणि किती दिवस थांबलं, हा मोठा फरक आहेच. पण धंद्याच्या रचनेतही फरक आहे आणि आपल्या हातात तेवढंच असतं. कनोबल्सकडून घेण्यासारख्या दोन गोष्टी मला दिसतात.

एक, तिथे प्रवेश फुकट आहे. ज्या राइडमध्ये बसाल तिचं तिकीट. आता विचार करा, निम्म्याच राइड्स सुरू आहेत. गेटवर 600 रुपये घेणाऱ्या पार्कात गिऱ्हाईक भांडणार, कारण त्याने पूर्ण पैसे दिलेत. पण राइडचेच पैसे घेत असाल तर अर्धं पार्कही प्रामाणिकपणे उघडता येतं. गल्ला लवकर सुरू होतो.

दोन, उत्पन्न एकाच ठिकाणाहून येत नाही. राइड्स आहेत, खाण्याची ठिकाणं आहेत, तंबू-कॅम्पिंगची जागा आहे. एक बंद पडलं तर दुसरं घर चालवतं.

पाणी ओसरल्यावर: घाईत होणाऱ्या चार चुका

आता आपल्याकडे येऊ. पाणी उतरलं, सगळीकडे चिखल. मालक पहिलं काय करतो? खराटा उचलतो आणि पंप चालू करतो. इथेच नुकसान दुप्पट होतं.

1. पूल लगेच रिकामा करू नका. घाण पाणी बघवत नाही, मान्य. पण पुरानंतर जमिनीखालचं पाणीही वर आलेलं असतं. भरलेला पूल आपल्या वजनाने जागेवर बसून राहतो. रिकामा केला की तो होडीसारखा होतो आणि खालचं पाणी त्याला वर ढकलतं. तळाला तडे जातात, फायबरचा पूल तर अख्खा उचलला जाऊ शकतो. आधी वरचा कचरा काढा, भूजल खाली जाऊ द्या आणि जाणकाराला विचारूनच टप्प्याटप्प्याने उपसा.

2. भिजलेली मोटार चालू करून बघू नका. "बघू तरी चालते का" या एका वाक्यात मोटार जळते, कधी माणूसही जातो. मेन स्विच बंद ठेवा. मोटार वाळवून, इलेक्ट्रिशियनकडून मेगर टेस्ट करून मगच करंट द्या. पॅनेलचंही तेच.

3. पुरावा धुऊन टाकू नका. साफसफाईच्या आधी विमा कंपनीला कळवा. भिंतीवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आहे, त्याचे फोटो आणि व्हिडिओ काढा. प्रत्येक यंत्राचा नंबर दिसेल असा फोटो हवा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत खराब सामान भंगारात देऊ नका.

4. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून उघडू नका. पुराच्या पाण्यात गटार, मेलेली जनावरं, सगळं आलेलं असतं. फिल्टरमधली वाळू बदला, पाइपलाइन क्लोरीनने धुवा, लॅबमधून पाणी तपासून घ्या आणि तो रिपोर्ट गेटवर लावा. साफ करणाऱ्या माणसांना गमबूट आणि हातमोजे द्या, लेप्टोची भीती खरी असते. एखादं मूल आजारी पडलं तर पुरातून वाचलेलं नाव त्यात जाईल.

खरा खड्डा रिकाम्या महिन्यांचा

आपल्याकडे वॉटर पार्कची कमाई मार्च ते जूनमध्ये होते. पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे दुरुस्तीला वेळ भरपूर आहे, पुढचा सीझन सहा-सात महिन्यांवर. मग बुडतो कशामुळे? रोख पैशामुळे.

हिशोब मांडू. समजा बँकेचा हप्ता 60,000, कायम माणसांचे पगार 50,000, वीज आणि इतर 20,000. महिन्याला 1,30,000. ऑगस्ट ते फेब्रुवारी सात महिने म्हणजे 9,10,000 रुपये. एरवी हा खर्च उन्हाळ्याच्या गल्ल्यातून भागतो. पुराच्या वर्षी तोच पैसा दुरुस्तीत जातो आणि हप्ता थकतो. विम्याचे पैसे येतात, पण सावकाश. म्हणून पूर आल्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जा. हप्ता थकायच्या आधी गेलेल्या माणसाचं ऐकून घेतात, थकल्यावर नोटीस येते.

विम्यात कुठे फसतो?

कमी रकमेचा विमा काढून. मालमत्ता 40 लाखांची, प्रीमियम वाचवायला विमा काढला 20 लाखांचा. नुकसान झालं 10 लाखांचं. तुम्हाला वाटतं 20 लाखांचं कव्हर आहे, 10 मिळतील. पण सर्वसाधारण नियम असा की विमा निम्म्याचा, तर भरपाईही निम्मी. म्हणजे 5 लाख.

1 एप्रिल 2021 पासून 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आली आहे. तिच्यात पूर कव्हर होतो आणि विम्याची रक्कम 15 टक्क्यांपर्यंत कमी असेल तर कपात होत नाही. त्याहून कमी असेल तर मात्र होते. आणि एक प्रश्न एजंटला नक्की विचारा: पार्क बंद राहील त्या काळातल्या नफ्याचं कव्हर यात आहे का? सहसा ते वेगळं घ्यावं लागतं.

तर ताई, तुमचं उत्तर

सासरेबुवांचं म्हणणं टाळू नका, कामाला लावा. त्यांना जागेवर घेऊन जा आणि 2019 चं पाणी कुठपर्यंत होतं ती खूण भिंतीवर करून घ्या. पंपघर, पॅनेल, तिकीट खिडकी आणि कागदपत्रं त्या खुणेच्या वर बसतील असा आराखडा आणि खर्च काढा. न्यू ऑर्लिन्समध्ये उंचावरचा रोलर कोस्टर वाचला होता, आठवतंय ना? त्या खर्चात पूर्ण रकमेचा विमा आणि सात महिन्यांची रोकड मिळवा. एवढं करूनही गणित बसत असेल तर पुढे जा. बसत नसेल तर नदीपासून लांब, भाड्याची का होईना, उंच जागा बघा. जमीन घरची आहे म्हणून ती फुकट पडते, असं समजू नका. पुराच्या वर्षी तिचं भाडं एकदम वसूल होतं.

आजचा गृहपाठ

तुमचा धंदा कुठलाही असो, किराणा, पिठाची गिरणी, झेरॉक्सचं दुकान, वहीत तीन ओळी लिहा:

- माझ्या जागेत आजवर पाणी कुठपर्यंत आलं होतं? (शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.)
- त्या रेघेच्या खाली माझं किती रुपयांचं सामान आहे?
- धंदा बंद ठेवून मी किती महिने हप्ता भरू शकतो?

तिसऱ्या ओळीचं उत्तर "एकही नाही" असेल तर नवीन मशीन घ्यायच्या आधी ते दुरुस्त करा. उत्तरं कमेंटमध्ये लिहा, पुढच्या व्हिडिओत त्यातलीच उदाहरणं घेऊन रोकड कशी बाजूला काढायची ते शिकू. भेटूया!